डोक्यावर घेतलेले बँड आणि खरोखर वाट पाडणारे बँड: फरक कसा ओळखायचा?

चौथीफ्रेट:

आमच्या श्रवणमंडळात पुढच्या महिन्यापासून रॉकवर सहा बैठकी ठरल्या आहेत. बैठक दीड तासाची, एका बैठकीला एकच बँड. येणाऱ्यांत निम्मे लोक शास्त्रीय संगीत ऐकणारे आहेत, तेव्हा 'हा बँड थोर, कारण त्याच्या इतक्या रेकॉर्डी खपल्या' एवढ्यावर भागणार नाही. बीटल्सवरून वाद नाही, त्यांची एक बैठक पक्की. उरलेल्या पाचांसाठी आठ नावं पुढे आली आहेत: ब्लॅक सॅबथ, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन, डोअर्स, यू-टू, निर्वाणा आणि व्हेल्व्हेट अंडरग्राउंड.

यांतले कोण नुसतेच डोक्यावर घेतले गेले आणि कोणामुळे पुढच्यांच्या वाजवण्यात फरक पडला? नुसती मतं नकोत. बैठकीत वाजवून दाखवता येईल असं सांगा. हाताशी दोन इलेक्ट्रिक गिटार, एक बेस, ड्रमसेट, एक डिजिटल डिले (ठरावीक वेळानं प्रतिध्वनी देणारं पेडल) आणि एक डिस्टॉर्शन पेडल (आवाज फाटका करणारं) आहे. तारा किती उतरवायच्या, पेडलचा आकडा कुठे ठेवायचा, इथपर्यंत नेमकं लिहिलंत तर फार मदत होईल.

मंद्रसा:

कसोटी एकच लावा. तो बँड झालाच नसता, तर आजच्या वादकाच्या हातून नेमकी कोणती गोष्ट निसटली असती? उत्तरात फक्त गाणी आणि गायकाचा चेहरा येत असेल तर बँड लोकप्रिय, बस. उत्तरात तार लावण्याची पद्धत, ठेका, ध्वनिमुद्रणाची रीत असं काही येत असेल तर त्या बँडनं वाट पाडली. गाणं आवडणं-न आवडणं यात येत नाही.

या कसोटीवर सॅबथ पहिल्या बैठकीत हवेत. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली, आणि डावखुऱ्या वादकाचा तोच हात फ्रेटवर, म्हणजे पडद्यांवर, असतो. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यानं बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. टोपणातून तार बोटाला जाणवत नाही, ती नीट दाबली गेली की नाही ते कळत नाही. म्हणून बारीक तारा, आणि पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'तल्या काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली. ई ची तार सी शार्पवर. गीझर बटलरनं बेसही सोबत उतरवला, ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग बैठकीत गिटार एका सुरात, बेस दुसऱ्या, असा गोंधळ होतो.

यात होतं काय ते बघा. तार तीच ठेवून तीन अर्धस्वर उतरवली की कंपनसंख्या ८४ टक्क्यांवर येते. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो ७१ टक्क्यांवर येतो. जवळजवळ तीस टक्के ताण गेला. तार सैल झाली, बोटाखाली सहज ओढली जाते, रुंद आंदोलन मिळतं. पण त्याच सैलपणामुळे जोरात छेडली की आघाताच्या क्षणी सूर वर चढतो आणि मग खाली बसतो. सॅबथच्या आवाजातला तो जडपणा निम्मा इथून येतो.

दाखवताना एक गिटार नेहमीसारखी ठेवा, दुसरी तीन अर्धस्वर उतरवा आणि एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) दोन्हींवर वाजवा. तारा १०-४६ च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) असतील तर बदलू नका, सैलपणा ऐकू यायला हवा. उलट, ताण पूर्ववत हवा असेल तर जाडी साधारण १९ टक्के वाढवावी लागते, म्हणजे १२-५४ चा संच. नंतरच्या मेटलवाल्यांनी बहुधा हाच मार्ग धरला. त्यात अडचण अशी, की जाड तार नटाच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते, खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही आणि मग एकदम टुणकन उडी मारतो. खाच कानशीनं रुंद करावी लागते आणि ब्रिजवर बाराव्या फ्रेटचा सूर पुन्हा जुळवावा लागतो.

आता शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी. १३ फेब्रुवारी १९७० ला आलेल्या पहिल्या अल्बममध्ये बँडच्याच नावाचं गाणं आहे. इथं ट्यूनिंग साधंच. सहाव्या तारेवर तिसरी फ्रेट, चौथ्या तारेवर पाचवी फ्रेट, मग पाचव्या तारेवर चौथी फ्रेट: जी, वरचा जी, सी शार्प. जी ला षड्ज माना. खालचा सा, वरचा सा, आणि मधला तीव्र मध्यम. त्या तीव्र मध्यमावर आयोमी लगतच्या पंचमाशी थरथर करतो, पण पंचमावर न्यास घेत नाही. तोवरच्या रॉकची बरीच मदार सा-पा जोडीवर, म्हणजे पॉवर कॉर्डवर. इथं कान पंचमाची वाट बघतो आणि तो मिळत नाही. संथ लयीतच वाजवा. लय वाढवली की ही ओढ संपते.

पाऊणमात्रा:

मंद्रसा यांच्या कसोटीशी पूर्ण सहमत, आणि तीच कसोटी लावून यू-टूची बाजू मांडतो. 'ओव्हररेटेड' म्हटलं की हे नाव हमखास निघतं. गायक बोनोचं भाषण नको वाटत असेल तर तो वेगळा मुद्दा. त्यांचा गिटारवादक एज याची रीत मात्र आज चर्चमधल्या प्रार्थनागीतांपासून हिंदी सिनेमाच्या गाण्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येते.

रीत अशी: डिलेचा प्रतिध्वनी पूर्ण मात्रेवर न ठेवता पाऊण मात्रेवर ठेवायचा. ६०,००० भागिले लय, की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. लय १२० असेल तर मात्रा ५०० ची, पाऊण मात्रा ३७५ ची. पेडलवर ३७५ लावा. हातानं फक्त दुगुन वाजवा, मात्रेला दोन सूर, सरळ. मूळ सूर पडतात ०, अर्धा, एक, दीड यांवर. प्रतिध्वनी येतात पाऊण, सव्वा, पावणेदोन, सव्वादोन यांवर. दोन्ही मिळून ऐकू येते चौगुन, आणि हात मात्र दुगुनीत चाललेला. तबला जाणणाऱ्याला हे फळ्यावर चार रेघा मारून दाखवलं की पुढे काही समजावावं लागत नाही.

चुका कुठे होतात ते सांगतो, कारण पहिल्यांदा वाजवताना हे नेहमी फिसकटतं. प्रतिध्वनीचा आवाज मूळ सुराच्या जवळजवळ बरोबरीला हवा. पेडलची मिक्सची खुंटी चारांत एक ठेवली तर ती नुसती घुमारी होते, चौगुन बनत नाही. पुनरावृत्ती दोन किंवा तीन, अधिक नको. डिस्टॉर्शन आधी आणि डिले नंतर. उलट जोडलं तर प्रतिध्वनीही फाटतात आणि सगळ्याचा लगदा होतो. पूर्ण कॉर्ड वाजवू नका, एकावेळी एक किंवा दोन तारा, आणि उजव्या तळहाताची कड ब्रिजपाशी हलकी टेकवून सूर आखूड ठेवा. सर्वांत महत्त्वाचं: ड्रमवाल्याच्या कानात क्लिक (लय मोजणारी टकटक) द्या. लय १२० ची ११७ झाली तर पाऊण मात्रा ३८५ ची होते, पेडल ३७५ वरच अडून बसतं, आणि चार मात्रांत गिटार व ड्रम एकमेकांना ढकलायला लागतात.

उलटीटेप:

पाऊण मात्रेचा डिले यू-टूच्या आधी पिंक फ्लॉइडमध्ये आहे. १९७९ च्या 'द वॉल'मधलं 'रन लाइक हेल' ऐका, गिल्मरची गिटार हेच करते. यू-टूचा पहिला अल्बम १९८० चा. शोधाचं श्रेय द्यायचं तर नीट द्या.

फ्लॉइडबद्दल: त्यांची कारागिरी अव्वल, पण त्यांच्या बऱ्याच युक्त्या आधीच्या होत्या. टेपचे फेरे बीटल्सनी १९६६ साली वापरले होते. तरी 'मनी'चा फेरा दाखवण्यासारखा आहे. नाणी, कागद फाटण्याचा आवाज, गल्ल्याचं यंत्र असे सात आवाज, टेप पट्टीनं मोजून सारख्या लांबीचे तुकडे कापले, चिकटवले आणि फेरा फिरवला. टेप सेकंदाला १५ इंच धावते. लय १२० धरली तर मात्रेला साडेसात इंच, सात मात्रांचा फेरा साडेबावन्न इंचांचा. सात मात्रा म्हटल्यावर तुमचे श्रोते रूपक मोजायला लागतील, पण तो खाली-भरीचा हिशेब इथं बसत नाही. गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं चार मात्रांत जातं, तेही आधी सांगून ठेवा.

क्वीनला माझ्या यादीत जागा नाही, आणि हे मी त्यांच्यावर पूर्ण प्रेम असून म्हणतो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'साठी १९७५ साली २४ ट्रॅकच्या टेपवर आवाज एकावर एक चढवत, पुन्हा पुन्हा एकत्र करत नेले. गिटारवादक ब्रायन मेची गिटार त्यानं आणि वडिलांनी घरी बनवलेली, तिची मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची. तो आवाज त्या वाद्यातून आणि त्या गळ्यांतूनच येतो. पुढच्यांनी क्वीनचं कौतुक केलं, पण त्यांची रीत उचलून स्वतःचं काही उभं केलं असं फार थोड्यांनी. त्या गाण्याच्या प्रचारफितीचा परिणाम मोठा झाला हे मान्य, पण ती वाजवून कशी दाखवणार?

डोअर्स लवकर आटोपतो. मॅन्झारेक डाव्या हातानं की-बोर्डवर बेस वाजवायचा, रंगमंचावर बेसवादकच नव्हता, ही एक खरी चीज. बाकी गायक मॉरिसनच्या प्रतिमेचा उदो उदो.

चौथीफ्रेट:

सगळ्यांचे आभार, हिशेबासकट मिळेल असं वाटलं नव्हतं. क्वीन आणि डोअर्स बाजूला ठेवतो. झेपेलिनवरून मात्र मंडळात जोरात वाद आहे. एक सभासद म्हणतात, दुसऱ्यांची गाणी स्वतःच्या नावावर लावणाऱ्यांना प्रभावी कसं म्हणायचं? यावर काय सांगू?

डग्गा:

त्या सभासदांचं म्हणणं खोटं नाही, ते बैठकीत उघड सांगा. 'होल लोटा लव्ह'वरून विली डिक्सननं १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्याचं नाव श्रेयात आलं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'वरून जेक होम्सनं २०१० मध्ये दावा लावला, तोही आपसांत मिटला. 'स्टेअरवे टू हेवन'चा निकाल मात्र २०१६ मध्ये ज्यूरीनं झेपेलिनच्या बाजूनं दिला आणि २०२० मध्ये अपिलात तो टिकला. तीन प्रकरणं तीन प्रकारची आहेत, एका दमात 'सगळं चोरलं' म्हणणं चूक. ब्लूजमध्ये ओळी एकाकडून दुसऱ्याकडे जायच्याच, बंदिशी जातात तशा. पण पैसा आणि नाव एकालाच मिळालं, हा अन्याय होता आणि तो अन्यायच म्हणावा.

पण राव, झेपेलिनचा प्रभाव गाण्यांत शोधूच नका. तो ड्रमच्या आवाजात आहे. १९७१, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. हे गाणंही मुळात १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांचं. झेपेलिननं त्यात भर घातली ती आवाजाची. इंग्लंडातल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या उंच दिवाणखान्यात त्यांचा ड्रमवादक बॉनम याचा ड्रमसेट मांडला. अभियंता अँडी जॉन्सनं दोन रिबन मायक्रोफोन, बायरडायनॅमिक एम १६०, वर जिन्यात टांगले. ड्रमच्या तोंडाशी मायक्रोफोन नाही. मग कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबून लहान आवाज वर आणणं), आणि बिन्सन कंपनीच्या एको यंत्रातून प्रतिध्वनी. त्याआधी ड्रम जवळून, कोरडे घेण्याकडे ओढा होता. इथं खोलीच वाद्य झाली. पुढे हाच ठेका हिप-हॉपवाल्यांनी थेट उचलला, बीस्टी बॉइजच्या १९८६ च्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं यावरच उभं आहे.

करून बघायचं तर दगडी किंवा विटांचा, दोन मजली उंचीचा जिना शोधा. ड्रम तळाशी, मायक्रोफोन दुसऱ्या वळणावर. दोन्ही मायक्रोफोनचं स्नेअरपासूनचं अंतर दोरीनं मोजून सारखं करा. एक हात मागे-पुढे झालं तर दोन्ही आवाज एकत्र केल्यावर स्नेअर पोकळ लागतो. कॉम्प्रेशननं दोन ठोक्यांमधली खोलीची घुमारी वर येते, पण त्याच दमात झांजाही वर येतात. हे सर्वांत जास्त बिघडवणारं. उपाय यंत्रात नाही, हातात आहे: झांजा अगदी हलक्या, पाय आणि स्नेअर पूर्ण जोरात. बॉनमचा बेसड्रम २६ इंची होता, हल्ली बहुतेक ठिकाणी २२ चा मिळतो. त्यात उशी कोंबलेली असते ती काढा आणि कातडं थोडं चढं लावा. डग्गा दाबून ठेवला तर घुमत नाही, तसंच हे.

आणि आपल्याकडचा एक धागा. झेपेलिनचा गिटारवादक पेज आणि गायक प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली होती. २०१५ मध्ये ती अधिकृतपणे बाहेर आली. मूळ आणि मुंबईचं एकापाठोपाठ एक लावा. ठेक्याचं वजन कुठून कुठे सरकलं ते तबला ऐकणारे लगेच सांगतील.

मंद्रसा:

डग्ग्यांचा मुद्दा मान्य. निर्वाणाबद्दल लिहायचं राहिलं होतं.

'नेव्हरमाइंड' २४ सप्टेंबर १९९१ चं. शांत कडवं आणि फुटणारं धृपद ही त्यांची ओळख, पण ती रीत पिक्सीज या बँडची, १९८८ च्या 'सर्फर रोझा'पासूनची. आपण पिक्सीजची नक्कल करू बघत होतो, हे निर्वाणाचा गायक कोबेन यानं मुलाखतीत स्वतः कबूल केलं आहे, आणि 'सर्फर रोझा' मुद्रित करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीकडेच १९९३ चा अल्बम दिला. तेव्हा माझं स्पष्ट मत: बैठक पिक्सीजची ठेवा आणि निर्वाणा तिच्यात वीस मिनिटं. बी कोणाचं आणि पीक कोणाचं हे एकाच बैठकीत कळेल.

वाजवताना लोक फक्त डिस्टॉर्शनचं पेडल दाबतात आणि धृपद मोठं लागत नाही. कारण कडव्यातच सगळे वाजवत असतात. कडव्यात बेस आणि ड्रम, गिटारचे मोजके दोन सूर, बस. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, तेवढी जागा आधी रिकामी सोडावी लागते. मुद्रित करून ऐकवणार असाल तर शेवटी लिमिटर जोरात लावू नका. तो कडवं उचलून धृपदाच्या बरोबरीला आणतो आणि सगळा फरक पुसतो.

खर्ज:

व्हेल्व्हेट अंडरग्राउंड कोणीच घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. तुमच्या श्रोत्यांसाठी याहून योग्य बँड नाही.

पहिला अल्बम मार्च १९६७ चा, तेव्हा अमेरिकी यादीत १७१ च्या वर चढला नाही. त्या काळी त्यांना कोणी डोक्यावर घेतलं नव्हतं, तरी आज आवाज, कर्कशता आणि एकाच सुराची आस घेऊन काम करणारा बहुतेक प्रत्येक बँड त्यांच्याकडे बोट दाखवतो. जॉन केलनं व्हायोलावर धातूच्या तारा चढवल्या आणि घोडी सपाट केली, म्हणजे गजाखाली एकाच वेळी अनेक तारा येतील. ड्रमवादक मो टकर उभ्यानं वाजवायची, बेसड्रम आडवा ठेवून, झांजा जवळपास नाहीतच. आणि लू रीडनं 'व्हीनस इन फर्स'मध्ये गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावल्या. थोडक्यात गिटारचा तानपुरा केला.

एक सावधगिरी. केल ज्या ला माँट यंग या संगीतकाराच्या गटातून आला, तो यंग पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, आणि त्यावरून 'व्हेल्व्हेटचा सूर किराण्यातून आला' असं काही जण ठोकून देतात. ते चूक आहे. यंगची ती तालीम १९७० पासूनची, केल त्याच्याकडून १९६५ च्या सुमारासच बाहेर पडला होता. श्रोत्यांतले किराणावाले खूश होतील म्हणून हे सांगू नका. थेट तानपुराच ऐकवायचा असेल तर तो बीटल्सच्या बैठकीत, १९६६ च्या 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये आहे. जॉर्ज हॅरिसननं 'द इनर लाइट'चं वादन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत मुद्रित केलं, तेही तिथंच जोडा.

चौथीफ्रेट:

खर्ज, सगळ्या तारा एका स्वरात म्हणजे नक्की कशा? काल रात्री गिटारवर बी ची तार डी पर्यंत चढवताना तुटली.

खर्ज:

तुटणारच. बी वरून डी म्हणजे तीन अर्धस्वर वर, ताण ४१ टक्क्यांनी वाढतो. ए ची तार डी ला नेणं त्याहून वाईट. नेहमीचा संच ओढून-ताणून बसवू नका, सुट्या तारा घ्या. १०-४६ च्या संचातली सर्वांत जाड ४६ ची तार सहाव्या जागी, ती ई वरून डी ला उतरवा. पाचव्या आणि चौथ्या जागी दोन्हीकडे २६ ची, जी नेहमी डी लाच असते. तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या जागी तिन्ही १० च्या, ई वरून दोन अर्धस्वर खाली डी ला. मिळून एक खर्ज, दोन मध्य, तीन तार. गिटारच्या मानेवर एकूण ताण नेहमीपेक्षा कमीच राहतो, ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या धातूच्या गजाला) हात लावायची गरज नाही.

तिसऱ्या खाचेत १० ची तार सैल बसते आणि थोडी झणझणते. ते राहू द्या. झणझण फार वाटली तर खाचेत पोस्टकार्डाची बारीक चकती घाला, तानपुऱ्याच्या जव्हारीत दोरा सरकवतो तसा हळूहळू पुढे-मागे करून जागा शोधा. तिन्ही १० च्या तारा अगदी एकजीव करू नका, एक केसभर उतरती ठेवा म्हणजे सुरात लाटा येतील. हे करायला अर्धा तास लागतो आणि नव्या तारा पहिल्या दिवशी उतरत राहतात, म्हणून दुसरी गिटार आदल्या रात्रीच लावून ठेवा, आणि बैठकीआधी दहा मिनिटं पुन्हा तपासा.